वस्तरा थांबला पाहिजे

ज्या खुर्चीवर बसून मी आज दुसऱ्यांचे अर्ज वाचतो, ती खुर्ची मी एका चोरीच्या ओळीवर मिळवली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, त्यांच्याविषयी लिहिताना मधेच स्वतःला बरं दाखवायचा मोह मला होईल.

त्यांना आम्ही काकाजी म्हणत असू. त्यांची सारी नोकरी बुलढाण्याच्या कचेरीत झाली, आणि त्यातली कितीतरी वर्षं साहेबांबरोबर दौऱ्यावर गेली. दौऱ्यात साहेबाला सकाळी एकच मोकळा वेळ मिळे, दाढीचा. तंबूबाहेर खुर्ची टाकून साहेब गालाला फेस लावून घेई, आणि काकाजी शेजारी उभे राहून नोकरीसाठी आलेले अर्ज वाचून दाखवत. तोंडावर फेस असल्यामुळे साहेबाला बोलता येत नसे. एखादा अर्ज मनात भरला, तर तो नुसतं बोट वर करी. असे अर्ज वाचता वाचता काकाजींचे केस पांढरे झाले, आणि कोणत्या शब्दाला साहेबाचं बोट वर होतं आणि कोणत्या शब्दाला होत नाही, याबद्दल त्यांचं मत अगदी पक्कं झालं.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी तोच दरबार आपल्या ओट्यावर भरवला. रोज सकाळी बंद गळ्याचा कोट घालून ते खुर्चीत बसत. दाढीलासुद्धा कोट. न्हावी धोकटी उघडून फेस करी, आणि ज्याला नोकरीचा अर्ज करायचा असेल त्यानं समोर उभं राहून तो मराठीतून वाचायचा. ऐकता ऐकता न्हाव्याचा वस्तरा थांबला, तर अर्ज पास. मग काकाजी स्वतः त्याचं इंग्रजी करून देत. वस्तरा चालूच राहिला, तर अर्ज परत. एक गाल संपेपर्यंत जो अर्ज संपत नाही, तो दुसऱ्या गालाला ऐकायचा नाही, हाही नियम होता.

न्हावी बिचारा अवघडून जायचा.

"बाबूजी, मी जरासा थांबू काय? पोट्टं रडाले आलं."

"मुद्दाम थांबला तं उद्यापासून दुसरा न्हावी लावतो. तू ऐकू नको. तू दाढी कर."

"मी कायले ऐकतो बाप्पा! माहं ध्यान तुमच्या गळ्यावर हाये."

मी पिंपळगाव राजाचा. शेतकऱ्याचं घर. मॅट्रिकपर्यंत खामगावला शिकलो आणि तिथं शुद्ध बोलायला शिकलो, त्याचा मला फार अभिमान होता. मागची लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. नोकरी शोधायला बुलढाण्याला आलो आणि काकाजींच्या पुढच्या खोलीत राहू लागलो. नमुनापत्रांच्या पुस्तकावरून तयार केलेला अर्ज घेऊन पहिल्याच आठवड्यात मी ओट्यासमोर उभा राहिलो. आमच्या शाळेतल्या मास्तरांनी त्या अर्जाबद्दल माझी पाठ थोपटली होती.

"महाशय, अत्यंत नम्रतापूर्वक विनंती करण्याची परवानगी असावी. मी एका गरीब परंतु कुलीन घराण्यात जन्म पावलो असून..."

"थांब," काकाजी फेसातूनच बोलले. "तू जन्मला हे साहेबाले दिसते. समोर उभा हाये ना तू?"

मी पुढं वाचलं. घरी वृद्ध आई, लग्नाच्या दोन बहिणी.

"साहेब नोकरी देते बे, वर्गणी न्हाई देत."

मी प्रामाणिक, मेहनती व होतकरू असून...

"हे शेजाऱ्यानं म्हनाव. तू कसा हाये ते सोड. तू केलं काय, ते सांग."

वस्तरा सरसर चालला होता. न्हाव्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला हसू येईना की राग येईना. रस्त्यात कुणी विनाकारण थोबाडीत मारावी तसा मी नुसता उभा राहिलो. काकाजींनी तोंड धुतलं, अर्जाचा कागद हातात घेतला, त्याची नीट चौकोनी घडी केली आणि ती न्हाव्याला दिली. न्हाव्यानं वस्तऱ्यावरचा फेस तिला पुसला.

घरातही त्यांची कचेरीच चाले. वाण्याकडं जायच्या यादीखाली ते सही करत. भाजी खारट झाली की "फेरविचारार्थ परत" म्हणून वाटी सरकवत.

"कचेरीनं यायले सोडलं," काकी आतून म्हणत, "यायनं कचेरीले न्हाई सोडलं. खा मुकाट्यानं, दुसरी भाजी न्हाई."

पण त्यांचा तऱ्हेवाईकपणा पोकळ नव्हता, हे मी एका सकाळी पाहिलं. जिनिंगमधल्या कामासाठी एक उंच, अबोल माणूस आला होता. कुणाकडून तरी लिहून आणलेला अर्ज तो अडखळत वाचत होता आणि वस्तरा थांबायचं नाव घेत नव्हता. शेवटी त्यानं कागद खाली केला.

"काकाजी, हे सारं दुसऱ्याचं हाये. मले एवढंच येते, कपाशीत हात घातला का सांगतो, वजनाले पानी मारलं का न्हाई ते."

वस्तरा थांबला. न्हावी मान वळवून म्हणाला, "खरंच काय गा?"

"हे लिह्य!" काकाजी अर्ध्या दाढीनं खुर्चीवरून उठले. "एवढंच लिह्य! खाली नाव लिह्य आन् बंद कर!" त्या माणसाला काम लागलं.

आमच्या खोलीत दुसरा एक जण होता, वरवट बकालचा. घरचा भाजीपाल्याचा मळा, आणि त्यांच्या भावकीत मॅट्रिक झालेला तो पहिलाच. बोलणं सगळं गावचं. मी त्याला शुद्ध बोलायला शिकवायचो आणि तो हसून म्हणायचा, "गड्या, साहेबाले माहं काम पाह्यजे का माही जीभ?" त्या घराचं सगळं लक्ष या मुलाच्या नोकरीकडं लागलं होतं. मळा सगळ्या भावांना पुरणारा नव्हता.

कचेरीत कनिष्ठ कारकुनाची एकच जागा निघाली. आम्ही दोघांनी अर्ज करायचं ठरवलं. मी पुन्हा पुन्हा ओट्यासमोर उभा राहिलो. दर वेळी वस्तरा तसाच चालत राहिला. काकाजी म्हणायचे, "तुह्याजवळ हाये काहीतरी. तू पुस्तकातलं वाचून राह्यला, घरचं न्हाई सांगून राह्यला." मला वाटायचं, घरचं काय सांगायचं? घरच्याचीच तर मला लाज वाटत होती.

मग वरवटचा उभा राहिला. त्याच्या अर्जात तीनच ओळी होत्या.

"आमच्या इकडं एका विहिरीवर सात घरांच्या मोटा पाळीपाळीनं चालतात. दोन उन्हाळे पाण्याच्या पाळ्या मी लावल्या. विहिरीवर भांडण झालं नाही."

वस्तरा काकाजींच्या हनुवटीवर थांबला. थांबलाच. "दोन उन्हाळे?" न्हावी म्हणाला. "सात घरं? आन् एकबी भांडन न्हाई?"

"एक झालं," वरवटचा प्रामाणिकपणे म्हणाला. "पन ते पान्यावरून न्हाई, सोयरिकीवरून झालं."

काकाजी इतके हसले की त्यांना वस्तरा लागला. हनुवटीवर रक्त आणि फेस तसाच ठेवून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तेबी लिह्य, पोरा. ते लिहिलं का बाकीचं खरं वाटते." मला म्हणाले, "तुहा बी अर्ज जसा हाये तसा इंग्रजी करून देतो, कचेरीत टाकून दे. बघू."

त्यांची एक रीत होती. इंग्रजी मसुदा ते करून देत, पण शेवटची प्रत ज्याची त्यानं स्वतःच्या अक्षरात काढायची आणि पाकीट स्वतः बंद करायचं. ती प्रत ते पाहत नसत. "नोकरी तुमाले कराची हाये, मले न्हाई," म्हणत. त्या दुपारी वरवटचा कुणा नातेवाइकाला भेटायला गेला होता. त्याचा मसुदा त्याच्या वळकटीवर उघडा पडला होता. मी माझी प्रत काढत होतो. तो मसुदा मी एकदा वाचला, आणि माझ्या हातानं तीच विहीर, तीच सात घरं, तेच दोन उन्हाळे माझ्या अर्जात उतरवले. सोयरिकीचं भांडण मात्र मी गाळलं. ते मला गबाळं वाटलं. मी काही फार विचार केला नव्हता. कचेरीतल्या चाळणीतून दोघांतला एकच अर्ज साहेबापर्यंत जाईल, आणि तो बहुधा माझा असेल, एवढंच मनाशी धरून मी पाकीट बंद केलं.

साहेबांनी दोघांनाही एकाच वेळी आत बोलावलं.

साहेब देशीच होते, नागपूरकडचे. समोर दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवलेले. हेडक्लार्क आणि दोन कारकून बाजूला उभे. साहेब म्हणाले, "दोघांची एकच विहीर? कुणाची आहे ही विहीर?"

वरवटच्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला काहीच कळलं नव्हतं. मला आठवतं, माझ्या तोंडून स्वच्छ, शुद्ध आवाज निघाला, "माझी, साहेब."

तो आवाज माझा होता. आजही मला त्याचा धक्का बसतो. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं.

"मग सांगा, पहिली पाळी कुणाला देत होता?"

हे मला ठाऊक होतं. खोलीत गप्पा मारताना वरवटच्यानंच मला सांगितलं होतं. मी म्हणालो, "ज्याचं पीक सर्वांत लहान, त्याला. मोठं झाड एक दिवस दम धरतं, साहेब. रोपाला दम निघत नाही."

साहेबांनी मान डोलावली आणि त्याच्याकडं वळले. "तुम्ही?"

तो अडखळत म्हणाला, "साहेब... मी बी... तेच. ज्याचं रोप लहान... रोपाले दम न्हाई निघत..." तो माझेच शब्द बोलत होता असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगणारा दुसऱ्यांदा सांगत होता, म्हणून तो पोपटासारखा दिसला. "साहेब, हा खोटं बोलून राह्यला! विहीर माही हाये!" असं तो ओरडला, तेव्हा तर त्याचंच काम बिघडलं. साहेबांनी त्याच्या अर्जावर बोट ठेवलं. "आणि हे सोयरिकीचं भांडण कशाला घातलं? नक्कल करताना ठिगळ लावलं का?" कारकून हसले.

दोन्ही अर्जांचं इंग्रजी कुणाचं, ते कचेरीत सगळे ओळखत होते. काकाजींना बोलावणं गेलं. ते आले, तोच कोट घालून. ज्या खोलीत त्यांनी इतकी वर्षं अर्ज वाचले, तिथं ते साक्षीला उभे राहिले. साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. खरं बोलायची ते मला संधी देत होते. मी भिंतीकडं पाहत होतो.

"विहीर वरवटच्या पोराची," ते म्हणाले.

"कशावरून?"

"त्यानं वाचलं तवा न्हाव्याचा वस्तरा थांबला, साहेब. याच्या वक्ताले कधी न्हाई थांबला."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग हेडक्लार्कच्या नाकातून हसू फुटलं, आणि सगळी खोली हसली. साहेबही. शिपाई दारात हसला. काकाजी काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, तंबूचं, दाढीचं, जुन्या साहेबाच्या बोटाचं, पण जितकं सांगावं तितकं हसू वाढत होतं. साहेब डोळे पुसत म्हणाले, "बाबूजी, आता विश्रांती घ्या. सगळ्यांना एकच विहीर वाटत फिरू नका. यांच्या हातचे अर्ज यापुढं घ्यायचे नाहीत, हेडक्लार्क."

त्या हसण्यात मीही होतो. मी हसलो. खोटं बोललो ते एक वेळ भीतीनं म्हणता येईल, हसलो त्याला काही नाव नाही.

जागा मला मिळाली. संध्याकाळी खोलीवर गेलो तर वरवटचा निघून गेला होता. माझी ट्रंक आणि वळकटी ओट्यावर नीट ठेवलेली होती, वळकटीची दोरीही घट्ट बांधलेली. काकाजी आतून बाहेर आले नाहीत.

मग वर्षं गेली. गाव लहान, तरी मी त्यांच्या गल्लीतून कधी गेलो नाही. एकदा बाजारात एक म्हातारा दिसला, छातीपर्यंत पांढरी दाढी, बंद गळ्याचा कोट. कोट ओळखला आणि माझे पाय जागीच थांबले. मागून काकी पिशवी घेऊन येत होत्या. त्यांनी मला पाहिलं.

"आता ते दाढी न्हाई करत," त्या सहज सांगावं तसं म्हणाल्या. "ओट्यावर बी न्हाई बसत. कोनी येत न्हाई ना." आणि जरा थांबून, "तू बरा हायेस ना?"

त्या प्रश्नानं मी जितका हादरलो तितका शिवीनं हादरलो नसतो. मी हो म्हणालो आणि पळालो.

कचेरीत माझं बरं चाललं. त्या विहिरीची गोष्ट माझ्या नावावर चिकटून राहिली. नवा साहेब आला की कुणीतरी सांगायचं, हे आमचे पाण्याच्या पाळ्यावाले. मी मान खाली घालून हसायचो. गेल्या उन्हाळ्यात संग्रामपूरकडच्या एका गावात विहिरीवरून डोकी फुटली. साहेबांनी मला बोलावलं. "तुम्हीच जा. तुमचा हातखंडा आहे. पाळ्या लावून द्या आणि या."

मी उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, ती विहीर माझी नव्हती." मग सगळं सांगितलं. नोकरी जाईल, निदान बढती तरी जाईल, असं धरूनच सांगितलं. इतकी वर्षं त्याच भीतीनं गप्प होतो.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "कुणी तक्रार केली आहे का?"

"नाही."

"मग कशाला उकरता? दुसऱ्या कुणाला पाठवतो." आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

मी बाहेर आलो. एवढंच होतं? ज्या भीतीपायी मी दोन माणसांना मातीत घातलं, ती एका वाक्यात संपणारी होती? मी घरी न जाता काकाजींच्या गल्लीत गेलो.

ते आत बाजेवर बसले होते. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. मी नाव सांगायच्या आधी त्यांनी आवाज ओळखला.

"काकाजी, ती ओळ..."

"माहीत हाये. वरवटले गेलता काय?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगून राह्यला?"

ते काठी शोधू लागले. "उद्या जाऊ. मले बी जायचं हाये. लय वर्षं झाले, जायचं जायचं म्हनून राह्यलो. एकट्यानं हिंमत न्हाई झाली."

त्यांना कशाला हिंमत लागत होती, ते मला कळलं नाही. वाटलं, म्हाताऱ्याला वरवटच्याला भेटायचं असेल.

मोटारीनं खामगाव, तिथून पुढं, आणि शेवटी बैलांच्या दमणीतून आम्ही वरवट बकालला पोचलो. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. वरवटचा मळ्यात वांग्यांना पाणी देत होता. केस पिकले होते, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. काकाजींना पाहून तो धावत बांधावर आला आणि वाकला.

काकाजींनी त्याला वाकू दिलं नाही. काठी खाली टाकली आणि त्याच्यापुढं दोन्ही हात जोडले.

"पोरा, त्या दिवशी तुह्या बाजूनं बोलाले आलो आन् तुह्यावरच लोकं हसले. मले धड साक्ष देता आली न्हाई. म्या वेड्यासारखं बोललो म्हनून तुही नोकरी गेली. मले माफ कर."

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की हा माणूस माझ्यावर रागावून घरात बसला आहे. तो माझं पाप स्वतःचं समजून बसला होता.

"काकाजी, तुमी कायले?" तो त्यांचे हात सोडवत होता. "तुमी एकटे तं माह्या बाजूनं आलते. तुमी हात नका जोडू, बाप्पा." मग त्यानं मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. वाट पाहत राहिला.

वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी बांधावरून खाली पाण्यात उतरलो आणि म्हणालो, "विहीर तुही होती. मले माहीत होतं. साहेबानं विचारलं तवा मी माही म्हनलो. काकाजी खरं बोलले तवा मी हसलो. तुह्या जागेवर मी आजवर बसलो हाये. काकाजीनं काई केलं न्हाई, त्यायनं तुह्याजवळ माफी मागाले नको होती. हे माफी त्यायची न्हाई, माही हाये. मी मागून राह्यलो."